सात नंबरची खुर्ची

मित्रांनो, वाचनालयाच्या खिडकीपाशी लाल दोरीच्या आत एक बुटकी हिरवी खुर्ची बरीच वर्षे ठेवलेली होती आणि तिच्यापुढे 'कृपया बसू नये' अशी पाटी होती. ती खुर्ची म्हणजे मी. खुर्चीवर बसू नये, तर मग काय तिची हजामत करावी? पण मोठी माणसे एकदा सन्मान करायला निघाली, की त्यांना कोण अडवणार! तो मान मला कसा मिळाला आणि तो मला का नको होता, हे आज सांगून टाकते. मी लाकडाची आहे, स्वभावाने थोडी ताठ आहे, तेवढे सांभाळून घ्या.

आम्ही एकूण बारा बहिणी. एका शाळेने आपले मोडके बाक वाचनालयाला दिले आणि एका सुताराने त्या लाकडातून बालविभागासाठी आम्हाला घडवले. सुताराच्या हातात कसब होते, पण काम करताना तो सारखी शीळ घालत असे आणि शीळ रंगात आली की मोजमापावरचे त्याचे लक्ष उडे. माझा मागचा उजवा पाय कापताना त्याची शीळ फारच रंगली असावी. पाय सूतभर आखूड झाला. त्याने डोके खाजवले, मला जमिनीवर ठेवून हलवून पाहिले आणि "मुलांचीच तर खुर्ची आहे, चालून जाईल," असे म्हणून हिरवा रंग फासला. पाठीवर पांढऱ्या रंगात सातचा आकडा काढला आणि तो हात झटकून मोकळा झाला.

त्या सूतभर चुकीने माझे नशीब उघडले. माझ्या अकरा बहिणी शहाण्यासारख्या स्थिर उभ्या राहत आणि मी डुगडुगत असे. मुलांना आणखी काय हवे? वाचनालयाचे दार उघडले, की "सात नंबर माझी!" म्हणून धावाधाव होई. माझ्यावर बसून कुणी घोडा पळवला, कुणी होडी वल्हवली. माझ्यावरून दोनदा मारामारीही झाली आणि एकदा एका मुलीने दुसरीचा दात पाडला. दात पडायलाच आला होता, असे नंतर ठरले. बहिणींना माझा हेवा वाटे आणि खोटे कशाला बोलू, मला त्याची गंमत वाटे.

बालविभाग जी ताई सांभाळे, तिला मुलांनी नाव ठेवले होते हळूताई. हळू बोला, हळू चाला, पान हळू उलटा, खुर्ची हळू सरकवा, असे ती दिवसातून शंभर वेळा म्हणे. तिचा आवाजच मुळी इतका हळू होता, की तो ऐकायला मुलांना गप्प बसावे लागे. रोज वाचनालय बंद करताना ती कागदाची एक घडी माझ्या आखूड पायाखाली सरकवी आणि दुसऱ्या दिवशी मुले ती काढून फेकून देत. हा खेळ सात वर्षे चालला. त्या सात वर्षांत ती माझ्यावर एकदाही बसली नाही. माझ्यावरच काय, ती फारशी कुठेच बसत नसे. कपाटापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून कपाटापर्यंत तिची फेरी चालूच असे.

मग साथ आली. एके दिवशी दाराला कुलूप लागले आणि आम्ही बारा जणी अंधारात एकमेकींकडे बघत राहिलो. मुलांचा आवाज बंद झाला. धूळ खाली बसते तेव्हा आवाज होत नाही, पण त्या दिवसांत मला तोही ऐकू येतोय असे वाटे. पंधरा-वीस दिवसांनी कुलपात किल्ली फिरली. हळूताई आत आली. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. तिने कपाटातून सभासदांची वही काढली आणि खिडकीपाशी उभ्याउभ्या पाने उलटत एकेका नावापुढे पेन्सिलने टिंब केले. ज्यांच्या घरी दुसरे कुणी नाही, अशी म्हातारी माणसे ती शोधत होती. कुणाच्या घरी कोण आहे हे तिला ठाऊक असे. कोण कुणासाठी पुस्तक नेते आणि कोण फक्त स्वतःसाठी, हे तिने इतकी वर्षे पाहिले होते. बावीस टिंबे झाली.

वस्तीत मदत करणाऱ्यांचे एक पथक तयार झाले होते. ताईने त्यात नाव घातले आणि तिच्या वाट्याला तिचीच बावीस घरे आली. औषधे पोचवायची आणि बोटाला लावायच्या छोट्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा बघून लिहून घ्यायचा, असे काम होते. नियम असा होता, की पिशवी दारात जमिनीवर ठेवायची आणि लांब उभे राहायचे. पहिल्याच दिवशी एका आजींना वाकून पिशवी उचलता येईना आणि ताईला पुढे जाऊन ती हातात देता येईना. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी ताई वाचनालयात आली आणि आम्हा बारा जणींतून तिने मला उचलले. मी सगळ्यांत हलकी म्हणून असेल, नाहीतर बाकीच्या अकरा जणी शहाण्या होत्या आणि माझ्यासारखी उनाड एकच होती म्हणूनही असेल.

तिने मला चारही पाय वर करून स्कूटरच्या मागच्या सीटवर दोरीने बांधले. अशी वरात निघाली, की खिडक्यांतून लोक बघून हसत. त्या दिवसांत हसायला फारसे काही नव्हते, म्हणून मला त्याचा राग आला नाही. दारापुढे पोचले, की ताई मला खाली ठेवी, पिशवी माझ्या पाठीवर अडकवी आणि यंत्र बैठकीवर ठेवी. मग माझा आखूड पाय उचलून फरशीवर दोनदा आपटी. टक, टक. बेल वाजवायची नाही, कारण बेलला शंभर बोटे लागतात. ती जिन्याच्या पायऱ्या उतरून खाली उभी राही. दार उघडे, माणूस बाहेर येई, बोटाला यंत्र लावी आणि आकडा ओरडून सांगे. "सत्त्याण्णव!" असे कुणी म्हणाले, की ताई खालून म्हणे, "शाब्बास!" जणू परीक्षेतलेच गुण. मग मला औषधाच्या पाण्याने पुसून ती पुढच्या घरी निघे. माझा हिरवा रंग त्या पाण्याने उडत चालला होता, पण मला त्याचे काही वाटले नाही.

बावीस घरांतले एक घर माझ्या चांगले लक्षात राहिले. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला. तिथे घड्याळवाले आजोबा एकटे राहत. आयुष्यभर त्यांनी लोकांची घड्याळे दुरुस्त केली होती. वाचनालयाच्या भिंतीवरच्या घड्याळाला दर शनिवारी तेच किल्ली देत, म्हणून त्यांचे नाव वहीत होते. पुस्तक मात्र त्यांनी एकही नेले नव्हते. साथीच्या सुरुवातीलाच ते आजारी पडून हॉस्पिटलमधून परत आले होते. हृदय अशक्त झाले होते आणि जीभ मात्र ठणठणीत होती.

मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते म्हणाले, "ही कसली खुर्ची? मी काय पहिलीतला पोरगा आहे?"

"ती पिशवीसाठी आहे, आजोबा. तुमच्यासाठी नाही," ताई खालून म्हणाली.

"मग माझ्यासाठी का नाही?" असे म्हणून ते माझ्यावर बसले. त्यांचे गुडघे कानाला लागायला आले होते. पण उभे राहून त्यांना धाप लागत होती आणि बसल्यावर बोलता येत होते. तेव्हापासून तो रिवाजच पडला. साडेअकरा वाजता ताई यायची, आजोबा माझ्यावर बसायचे, ती सात पायऱ्या खाली उभी राहायची आणि दोघे दहा मिनिटे बोलायचे. खरे म्हणजे आजोबा बोलायचे. साडेअकराला दोन मिनिटे जास्त झाली, तर त्या दहांतली पहिली पाच मिनिटे वेळेचे महत्त्व सांगण्यात जात. ताई हसून म्हणे, "वाचनालयातलं घड्याळ बंद पडलंय, आजोबा. तुमच्यावाचून त्याचं अडलंय." त्यावर आजोबा खूश होत आणि चेहरा मात्र तसाच कडक ठेवत.

ताईच्या घरी नवरा होता आणि नऊ वर्षांची मुलगी होती. दोघांना आपल्यामुळे बाधा नको म्हणून ती बाहेरच्या खोलीत वेगळी राहू लागली. नवरा स्वयंपाक शिकला. पहिले चार दिवस सगळे करपले, पाचव्या दिवशी कच्चे राहिले. मला घरी नेले, की पुसून वाळवून मधल्या बोळात ठेवत. मुलगी आईचे ताट माझ्यावर ठेवी, माझा पाय दोनदा फरशीवर आपटी आणि मागे पळे. मग आई दार उघडून ताट घेई आणि आपल्या दारात जमिनीवर बसून जेवे. मुलगी बोळाच्या दुसऱ्या टोकाला बसे आणि मध्ये मी असे. त्या घरातले आईचे बोट आणि मुलीचे बोट, दोन्ही फक्त मला लागत होती. पण एका बोटाचा स्पर्श मला दुसऱ्याला कधी देता आला नाही.

एका संध्याकाळी साऱ्या वस्तीने ठरवून खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. ताई तेव्हा कानांमागे मलम लावत होती, कारण मास्कच्या दोऱ्यांनी तिथे कातडी सोलली होती. आवाज ऐकून ती खिडकीत गेली आणि आपणही जोरजोरात टाळ्या वाजवू लागली. बोळातून मुलगी हसत ओरडली, "अगं आई, त्या तुझ्यासाठी आहेत!" ताई थांबली. तळहात तसेच हवेत राहिले. मग तिने ते हळूच खाली घेतले आणि काय करावे ते न सुचून ती खिडकीची काच पुसू लागली.

मित्रांनो, बावीस घरांत रोज मी तिच्याबरोबर जात होते. लोक वाईट नव्हते, कृतज्ञ होते. देव तुझे भले करो म्हणत. गोळ्या कुठल्या आधी घ्यायच्या, उद्या किती वाजता येणार, हे सगळे विचारत. पण "दमलीस का गं?" असे तिला कुणी विचारलेले मी ऐकले नाही. ज्याला त्याला आपल्या जिवाची भीती होती, आणि ती दमत असेल हे कुणाच्या मनातच येत नसावे. मला विचारता येत नव्हते. मी चार पायांची वस्तू, फार तर डुगडुगले असते.

शेवटचा दिवस असा होता. त्या दिवशी सकाळपासून ती प्रत्येक जिन्यावर थांबत होती. ऊन फार आहे, असे स्वतःशीच म्हणत होती. घड्याळवाल्या आजोबांच्या इमारतीत आम्ही पोचलो, तेव्हा एक वाजून गेला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या मोकळ्या जागेत तिने मला खाली ठेवले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्यावर बसली.

"दोनच मिनिटं गं," ती मला म्हणाली.

तिचे अंग तापलेल्या तव्यासारखे होते. उन्हाने खुर्ची तापते, माणूस असे तापत नाही. मी किती तरी तापलेली मुले मांडीवर घेतली होती, मला तो ताप ओळखता येत होता. तिलाही तो कळला असावा. तिने यंत्र पुसून स्वतःच्या बोटाला लावले, आकडा पाहिला आणि ती डोळे मिटून तशीच बसून राहिली. मग खिशातून फोन काढून तिने पथकातल्या एका दादाला सांगितले, की उरलेली घरे तू कर, मी घरी जात नाही, थेट हॉस्पिटलला जाते. हा दादा व्यायामशाळेत शिकवत असे. पण आजोबांच्या हृदयाच्या गोळ्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या आणि नव्या गोळ्या तिच्या पिशवीत होत्या. ती उठली. तिने औषधाच्या पाण्याची आख्खी बाटली माझ्यावर आणि पिशवीवर रिकामी केली, मला आजोबांच्या जिन्याच्या तळाशी ठेवले आणि स्वतः एक मजला खाली उतरली. पाय आपटायची ताकद तिच्यात नव्हती. तिने खालूनच हाक मारली.

"आजोबा, पिशवी खुर्चीवर आहे. अर्ध्या तासाने घ्या. हात धुवा."

वर दार धाडकन उघडले. "एक वाजून दहा मिनिटं झालीत! साडेअकराची वेळ ना तुझी? किती हळू चालतेस गं बाई तू! आणि आज आकडा नको का? बघ बघ, खालच्या खाली पळतेय! असलं काम करायचं तर करू नये माणसाने!"

ताई जिन्याचा कठडा धरून उभी होती. "चुकलं, आजोबा," ती म्हणाली. तिच्या पावलांचा आवाज खाली खाली जात राहिला आणि मग तोही थांबला. मी तिथेच राहिले.

अर्ध्या तासाने आजोबा एकेक पायरी उतरत आले आणि त्यांनी पिशवी घेतली. मला तिथेच पाहून ते गोंधळले. ताईने मला आजवर कधी मागे सोडले नव्हते. त्यांनी मला वर नेले आणि कोपऱ्यात ठेवले. दिवेलागणीच्या आधीच त्यांचा राग उतरला होता. रागावणाऱ्या माणसाला एकट्याच्या घरात दुसरे कुणी रागवायला नसते, तेव्हा तो राग परत त्याच्यावरच येतो. ते माझ्याकडे बघत बराच वेळ बसले. मग म्हणाले, "उद्या आली, की आधी तिला वर बसवायची. मग बोलायचं. चुकलं म्हणायचं."

आणि चुकलं म्हणायला त्यांना माझाच पाय सापडला. त्यांनी मला पालथे घातले, पाय मापला आणि जुन्या घड्याळातली एक पितळी चकती कानसून कानसून बरोबर सूतभर केली. भिंग डोळ्याला लावून दोन दिवस ते काम चालले. मग चकती बारीक खिळ्यांनी पायाखाली ठोकली. जन्मात पहिल्यांदा मी चारी पायांवर स्थिर उभी राहिले. मला ते विचित्रच वाटले, पण आजोबा त्यासाठी दोन दिवस खपले होते आणि चकती केसभरही हलत नव्हती, म्हणून मी तक्रार केली नाही.

साडेअकराला ते दार उघडून बसत. मला दारात जिन्याकडे तोंड करून ठेवत, स्वतः मात्र बसत नसत. ती जागा आता ताईची होती. पण ताईऐवजी व्यायामशाळेतला दादा आला. भरलेली पोती दोन बोटांनी उचलणारा हा माणूस खोटे बोलायला मात्र अगदीच कच्चा होता. आजोबांचे हृदय बघता त्यांना एवढ्यात काही सांगू नका, असे पथकाने त्याला बजावले होते.

"ताईंची ड्युटी दुसऱ्या भागात लागलीय, आजोबा," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"मग तिला सांग, तिची खुर्ची माझ्याकडे आहे. स्वतः येऊन ने म्हणावं. दुसऱ्या कुणाला देणार नाही मी."

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी आजोबांनी विचारले, "सांगितलंस? काय म्हणाली?"

"येते म्हणाल्या."

असे किती तरी दिवस चालले. एकदा "येते म्हणाल्या" असे सांगून दादा खाली उतरला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच मोकळ्या जागेत भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. आजोबांनी दार लावून घेतले होते, त्यांना ते ऐकू गेले नाही. मला गेले. हुंदके कोणत्या बातमीचे असतात ते लाकडालाही कळते, मित्रांनो. त्या दिवसापासून मी जिन्याकडे तोंड करून बसत होते आणि कुणी येणार नाही हे मला माहीत होते. आजोबा रोज फडक्याने माझी बैठक पुसत आणि म्हणत, "येईल. कामाची बाई आहे." इतके एकटे मला त्या अंधाऱ्या वाचनालयातही वाटले नव्हते. तिथे निदान आम्हा बारा जणींना सारखेच माहीत होते.

काही महिन्यांनी साथ ओसरली. वाचनालय उघडायचे ठरले आणि समितीचे सेक्रेटरी हातात फाइल घेऊन तिसऱ्या मजल्यावर आले. बरोबर दादा होता, पण तो मागे, दोन पायऱ्या खाली उभा राहिला. त्याने आजोबांना काय सांगितले होते, हे सेक्रेटरींना ठाऊक नव्हते.

"ती खुर्ची न्यायला आलोय," सेक्रेटरी म्हणाले. "कार्यक्रम ठेवलाय. वाचनालयात ताईंच्या स्मरणार्थ—"

"कुणाच्या?"

"हळूताईंच्या."

आजोबांनी सेक्रेटरींकडे पाहिले, मग त्यांच्या खांद्यावरून दादाकडे पाहिले. दादाने मान खाली घातली. "पण ती येते म्हणाली होती," आजोबा म्हणाले. आत सगळी घड्याळे चालू होती आणि ती सगळी एकाच वेळी टिकटिकत होती. आजोबांनी मला उचलले. दादा हात पुढे करून म्हणाला, "द्या, आजोबा, मी घेतो." आजोबांनी त्याला नुसते हाताने बाजूला केले. तीन मजले ते मला एकटे घेऊन उतरले, प्रत्येक पायरीवर थांबत.

कार्यक्रम मोठा झाला. भाषणे झाली. ज्यांनी माझ्या पाठीवरून पिशव्या घेतल्या, त्यांतले बरेच जण आले होते आणि रडत होते. त्यांचे रडणे खोटे नव्हते. ताईच्या नवऱ्याला बोलायला उठवले. तो माईकसमोर उभा राहिला आणि कागद उघडून पुन्हा मिटत म्हणाला, "तिला बसायला वेळ मिळायचा नाही." एवढेच बोलून तो खाली उतरला. सगळ्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मग मला खिडकीपाशी ठेवून भोवती लाल दोरी लावली आणि पुढे पाटी ठेवली: 'कृपया बसू नये.' आजोबा शेवटच्या रांगेत होते. ते पुढे आले नाहीत.

सुरुवातीला लोक येत, दोरीपाशी उभे राहत, फोटो काढत. मग येणे कमी झाले. मग कुणी दोरीवर ओली छत्री वाळत टाकू लागले, कुणी माझ्यावर जुनी वर्तमानपत्रे ठेवली. पाटी फक्त बसू नये म्हणत होती, ठेवू नये म्हणत नव्हती. पलीकडच्या खोलीत मुले पुन्हा यायला लागली होती. माझ्या बहिणींचे पाय फरशीवर सरकल्याचे आवाज मला ऐकू येत. नवी मुले, नवी भांडणे. "हळू!" म्हणणारे मात्र कुणी नव्हते. एका भिंतीच्या अलीकडे मी तीन वर्षे उभी होते. आजोबा दर शनिवारी घड्याळाला किल्ली द्यायला येत, पण खिडकीकडे बघत नसत.

अशाच एका शनिवारी एक मुलगी आली. बारा-तेरा वर्षांची, दोन वेण्या, पाठीला दप्तर. ती पुस्तकांकडे गेलीच नाही. दोरीपाशी येऊन तिने पाटी वाचली, पुन्हा वाचली. आजोबा किल्ली खिशात ठेवत होते.

"हिच्यावर बसता येत नाही?" तिने विचारले.

"पाटी आहे ना तशी," आजोबा न बघताच म्हणाले.

"आई म्हणायची, सात नंबर सगळ्यांत जास्त डुगडुगते."

आजोबा वळले. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले. मग सावकाश पुढे येऊन त्यांनी लाल दोरी एका खांबावरून काढली, माझ्यावरची वर्तमानपत्रे खाली ठेवली, माझी पाठ धरली आणि माझा मागचा उजवा पाय फरशीवर दोनदा आपटला. टण, टण.

मुलगी दचकली. तिचे डोळे भरून आले, पण कपाळाला आठी पडली. "आवाज असा नव्हता."

"मी पाय दुरुस्त केला. चकती लावली. तिला हिच्यावर बसवून दाखवायचं होतं." आजोबांना धाप लागली होती. "बाळ, तुझी आई माझ्याकडे यायची. शेवटच्या दिवशी मी तिला फार बोललो. किती हळू चालतेस म्हणालो. तिला ताप होता आणि मी… मला चुकलं म्हणायचं होतं. ती खुर्ची न्यायला येईल म्हणून मी थांबलो होतो."

"तुम्ही घड्याळवाले आजोबा?" मुलगी म्हणाली. "आईने सांगितलं होतं. हॉस्पिटलमधून फोन केला होता तेव्हा. हसत होती. म्हणाली, हळूताईला हळू चालते म्हणून आज पहिल्यांदाच कुणीतरी रागावलं. म्हणाली, घरी आले, की आधी आजोबांकडून खुर्ची आणायला जायचंय, तू पण चल."

आजोबांनी भिंतीला हात टेकला. मग त्यांनी पाटी उचलली आणि उलटी करून खिडकीत ठेवली.

"चालत आलीस?" त्यांनी विचारले.

"हो. शाळेतून."

"दमलीस का गं?"

"नाही."

"बस," आजोबा म्हणाले आणि त्यांनी मला तिच्यापुढे सरकवले.

ती बसली. तिचे गुडघे वर आले. तिने थोडे पुढे-मागे हलून पाहिले, मी हलले नाही, तेव्हा ती रडायला लागली आणि आजोबा शेजारी जमिनीवर बसले. त्यांना पुन्हा उठवायला नंतर दोघे जण लागले.

दोरी परत लागली नाही. सेक्रेटरी थोडे कुरकुरले, पण आजोबांशी वेळेवरून वाद घालणे सोपे, खुर्चीवरून नाही. मी आता पुन्हा बालविभागात बहिणींमध्ये आहे. मी डुगडुगत नाही, त्यामुळे माझ्यासाठी कुणी भांडत नाही, कुणाचा दात पडत नाही. माझ्या अंगावर कुणी ना कुणी बसलेले असते, एवढे मला पुरे आहे. हळूताई मात्र माझ्यावर दोनच मिनिटे बसली होती. ती दोन मिनिटे मी रोज आठवते.

मित्रांनो, संकटात जी माणसे तुमच्या दारापर्यंत येतात, त्यांच्यासाठी टाळ्या जरूर वाजवा. त्यांच्या नावाच्या पाट्याही लावा. पण ती जिवंत असतात आणि तुमच्या जिन्यात उभी असतात, तेव्हा त्यांना एकदा विचारा, दमलात का? आणि उत्तराची वाट बघू नका, खुर्ची पुढे करा. कारण अशी माणसे नाहीच म्हणतात.